कुत्रं परदेशी नेणाऱ्या एजन्सीचं पॅकेज: सातारा-सांगलीकरांनी त्यातलं किती घ्यावं

मुलगा म्युनिकला, नाहीतर मुलगी-जावई न्यू जर्सीला, आणि लॅब्रॅडोर इकडे आजी-आजोबांकडे, अशी घरं आता साताऱ्यापासून मिरजेपर्यंत बरीच आहेत. त्यांच्यासाठी पेट रिलोकेशन एजन्स्या 'डोअर टू डोअर' पॅकेज विकतात. एजन्स्या बहुतेक मुंबई, दिल्ली, बेंगळुरूच्या. कोटेशन काही लाखांत जातं आणि त्यात दहा-बारा ओळी असतात: चिप, लस, टायटर टेस्ट, क्रेट, घरून पिकअप, सरकारी सर्टिफिकेट, विमानाचं बुकिंग, तिकडची कस्टम्स. हा रिव्ह्यू कुठल्या एका कंपनीचा नाही, त्या दहा-बारा ओळींचा आहे. इथून निघणाऱ्या माणसाने कुठल्या ओळीला पैसे मोजावेत आणि कुठल्या ओळीवर सरळ काट मारावी, एवढाच प्रश्न.

आधीच सांगून टाकतो: विमानतळाच्या आतलं काम विकत घ्यावं. बाहेरचं जवळजवळ सगळं इथेच होतं, आणि ते एजन्सीला पहिला फोन लावायच्या आधी सुरू झालेलं असावं.

पहिली ओळ चिपची, म्हणजे कुत्र्याच्या कातडीखाली बसवायच्या ओळखक्रमांकाच्या मायक्रोचिपची. तिथेच निम्म्या केसेस अडकतात, आणि कारण एकच, क्रम. आधी चिप, मग रेबीजची लस. आपल्याकडे पिल्लू तीन महिन्यांचं झालं की लस होते, दरवर्षी बूस्टर होतो, लसीची वही स्टिकरांनी भरते, आणि चिपचं नाव परदेशी जायचं ठरल्यावर निघतं. युरोप, ब्रिटन, अमेरिका यांच्या लेखी चिपच्या आधीची लस जमेस धरत नाहीत, कारण ती नेमक्या याच कुत्र्याला दिली हे दाखवता येत नाही. चिप बसवल्यावर लस पुन्हा द्यायची आणि ती पहिली लस धरायची. एजन्सी पारखायलाही हीच जागा चांगली. फोनवर विचारा, "लस मार्चमध्ये झालीय, चिप अजून नाही, चालेल का?" "नाही, लस परत द्यावी लागेल" असं उत्तर आलं तर पुढे बोला. "करू मॅनेज" असं आलं तर फोन ठेवा.

चिप आयएसओ ११७८४ आणि ११७८५ ची, १५ आकडी, १३४.२ किलोहर्ट्झवर वाचली जाणारी हवी. पहिले तीन आकडे भारताचा देशक्रमांक ३५६ असतील किंवा ९ ने सुरू होणारा उत्पादकाचा क्रमांक असेल, दोन्ही चालतात. नऊ-दहा आकडी जुन्या चिपा काही ठिकाणी अजून निघतात, त्या घेऊ नका. तिकडचा रीडर त्या वाचेलच असं नाही, आणि मग वाचणारा रीडर आपणच सोबत न्यायचा असा नियम आहे. चिप तांदळाच्या दाण्याएवढी, जाड सुईने दोन खांद्यांच्या मध्ये कातडीखाली जाते. टोचायच्या आधी रीडरवर एकदा, टोचल्यावर एकदा आणि पुढे लस, रक्त, तपासणी अशा प्रत्येक वेळी वाचून घ्या. कधी कधी ती कातडीखाली सरकून खांद्यावर, पार कोपराकडेही जाते. मानेवर आवाज आला नाही म्हणून चिप बिघडली असं नसतं, रीडर दोन्ही बाजूंनी खाली फिरवायचा. तालुक्याच्या दवाखान्यात रीडर नसेल तर जिल्ह्याच्या गावी किंवा शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयात चौकशी करा. कॉलेज पुणे-सातारा महामार्गालगतच आहे. जाण्याआधी फोनवर "१५ आकडी चिप वाचणारा रीडर आहे का" एवढं विचारलं की चक्कर वाचते.

लसीच्या वहीचं ते एक पान नीट बघा, कारण पुढे प्रत्येक टेबलावर तेच उघडलं जातं. त्या ओळीत चिपचा पूर्ण क्रमांक, चिप बसवल्याची तारीख, लसीचं आणि कंपनीचं नाव, बॅच नंबर, दिल्याची तारीख, मुदत संपण्याची तारीख, डॉक्टरांची सही, शिक्का आणि पशुवैद्यक कौन्सिलचा नोंदणी क्रमांक, इतकं सगळं हवं. बाटलीवरचं स्टिकर चिकटवलं की बॅचचा प्रश्न मिटतो. तारखेत खाडाखोड नको. झालीच तर शेजारी पुन्हा सही-शिक्का. २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाच्या शिबिरातली मोफत लस औषध म्हणून उत्तम, पण तिथे हातात चिठ्ठी मिळते आणि तिच्यावर ना बॅच असते ना चिप. प्रवासासाठी ती मोजू नका. बूस्टरची तारीख एक दिवसानेही चुकवू नका. मुदत उलटून दिलेला बूस्टर पुन्हा 'पहिली लस' होतो आणि सगळं गणित मागे जातं.

आता टायटर टेस्ट. लसीमुळे रक्तात पुरेशी प्रतिपिंडं तयार झालीत का, हे यात बघतात, आकडा ०.५ आययू प्रति मिली किंवा त्याहून जास्त यावा लागतो. रेबीजच्या बाबतीत भारत जोखमीच्या देशांत मोडतो, म्हणून युरोप आणि ब्रिटनला ही टेस्ट आपल्याकडून सक्तीची. रक्त लसीनंतर किमान ३० दिवसांनी काढायचं आणि जिथे जायचं त्या देशाच्या मान्यतेच्या यादीतल्या लॅबलाच पाठवायचं. अमेरिकेतलं कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीचं, फ्रान्समधलं नान्सीचं, एडिंबराचं बायोबेस्ट ही नावं कोटेशनांत येतात. रक्त काढल्याच्या तारखेपासून पुढे तीन महिने थांबायचं. रिपोर्टच्या तारखेपासून नाही, हे एजन्सीच्या माणसालाही कधी कधी सांगावं लागतं. १ जानेवारीला चिप बसवून, वाचून, त्याच बैठकीत लस दिली, ५ फेब्रुवारीला रक्त काढलं, तर युरोपात पाऊल ५ मेच्या आधी नाही. म्हणजे लवकरात लवकर चार महिने. 'महिनाभरात पाठवून देतो' म्हणणारा एक तर नियम जाणत नाही, किंवा तुम्ही जाणत नाही यावर त्याचा भरवसा आहे.

रक्त इथेच काढता येतं. दोन-तीन मिली रक्त साध्या, लाल झाकणाच्या नळीत घ्यायचं, ते नीट गोठू द्यायचं, सेंट्रिफ्यूज करून सीरम वेगळं करायचं आणि थंड ठेवून पाठवायचं. बिघडतं ते इथे: नळी हलवली, उन्हात गाडीत राहिली, रक्त न गोठताच सेंट्रिफ्यूज केलं, की सीरम लाल होतं आणि लॅब नमुना परत करते. एप्रिल-मेमध्ये मिरजेहून बर्फाच्या डब्यात निघालेला नमुना मुंबईत पोचेपर्यंत कोमट होऊ शकतो. म्हणून पॅथॉलॉजीची सोय असलेल्या दवाखान्यात सीरम वेगळं करून घ्या आणि परदेशी कुरियर एजन्सीवर सोपवा. परदेशात जैविक नमुना पाठवण्याचे कागद आणि पॅकिंग ही त्यांची रोजची कामं आहेत, या ओळीचे पैसे देण्यासारखे आहेत. फॉर्मवर चिपचा क्रमांक वहीशी अंकाला अंक जुळवून बघा. पंधरातला एक आकडा चुकला की रिपोर्ट दुसऱ्याच कुत्र्याचा ठरतो.

टेस्ट नापास होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे आयुष्यात एकच लस झालेलं तरुण कुत्रं आणि उशिरा काढलेलं रक्त. पहिल्या लसीनंतर प्रतिपिंडं चढतात, मग उतरायला लागतात. तिसाव्या ते चाळिसाव्या दिवसाच्या दरम्यान रक्त काढावं; सहा महिन्यांनी काढलेलं ०.५ च्या खाली येऊ शकतं. पहिल्याच खेपेला महिन्याच्या अंतराने दोन डोस देणं शहाणपणाचं. एकदा पास झालं आणि पुढचे बूस्टर मुदतीत होत राहिले, तर युरोपसाठी ही टेस्ट पुन्हा लागत नाही. तेव्हा व्हिसाचं नक्की नसलं तरी चिप, लस, टेस्ट आत्ताच उरकून घ्या. तीन महिन्यांचं घड्याळ तुमचा व्हिसा यायची वाट बघत बसत नाही.

देशागणिक फरक मोठा आहे आणि पॅकेजमध्ये तो 'डॉक्युमेंटेशन' या एका शब्दात गुंडाळलेला असतो.

अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून नियम बदलले. भारतात लस झालेलं कुत्रं किमान सहा महिन्यांचं हवं, चिप हवी, सरकारी पशुवैद्यकाची सही असलेला लस-चिपचा फॉर्म हवा, सीडीसी या तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचा ऑनलाइन इम्पोर्ट फॉर्म हवा. टायटरचं रक्त लसीनंतर किमान ३० दिवसांनी आणि पोचण्याच्या किमान २८ दिवस आधी काढलेलं हवं. ही टेस्ट नसेल तर तिकडे २८ दिवस क्वारंटाइन, स्वतःच्या खर्चाने. शिवाय उतरायचं ते सीडीसीकडे नोंदलेलं प्राणी-केंद्र असलेल्या विमानतळावरच, आणि त्या केंद्रात आधी जागा राखून: न्यू यॉर्कचं जेएफके, वॉशिंग्टन डलेस, अटलांटा, मायामी, लॉस एंजेलिस, फिलाडेल्फिया. या यादीत नेवार्क नाही, सॅन फ्रान्सिस्को नाही, शिकागोही नाही. आपली निम्मी पोरं न्यू जर्सीत आणि बे एरियात! नेवार्कचं तिकीट काढून ठेवलेल्या माणसाला हे शेवटच्या आठवड्यात कळलं, की तिकीटही जातं आणि केंद्रातली जागाही मिळत नाही. केंद्रात तपासणी होते आणि रेबीजची लस पुन्हा टोचतात. तो खर्च कोटेशनमध्ये धरलाय का, हे लिहून घ्या. बहुतेकदा धरलेला नसतो.

ब्रिटनमध्ये कुत्रं विमानाने फक्त कार्गो म्हणून आणि ठरलेल्या मार्गांनीच जातं. केबिन नाही, सामानातही नाही. सोबत टेपवर्मचं औषध, प्राझिक्वांटेल असलेलं, पोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या आत डॉक्टरांनी स्वतः द्यायचं आणि तारखेसकट वेळही लिहायची. विमान लांबलं तर १२० तास उलटतात, काठावर दिलं तर २४ भरत नाहीत. म्हणून पोचायच्या साधारण बहात्तर तास आधीची वेळ धरा. सरकारी सर्टिफिकेटवर ही नोंद येते, त्यामुळे औषध आधी, सही नंतर.

युरोपच्या सर्टिफिकेटची एक खोच एजन्स्यांच्याही हातून सुटते. ते इंग्रजीत आणि ज्या देशात पहिलं पाऊल पडतं त्या देशाच्या भाषेत लागतं. मुलगा म्युनिकला राहतो, पण विमान पॅरिसमार्गे असेल तर फ्रेंच-इंग्रजी, ॲमस्टरडॅममार्गे असेल तर डच-इंग्रजी. सही झाल्यापासून दहा दिवसांच्या आत युरोपात पोचायचं. जर्मनीत पिटबुल, अमेरिकन स्टॅफर्डशायर, स्टॅफर्डशायर बुल टेरियर, बुल टेरियर आणि त्यांच्या संकरित जाती आणायला बंदी आहे. आपल्याकडे हौसेने 'पिटबुल क्रॉस' म्हणून घेतलेलं कुत्रं वहीतही तसंच लिहिलेलं असतं. नोंदीत जात लिहिताना डॉक्टरांशी नीट बोला आणि खरं तेच लिहा. दिसायला तसंच असेल तर वहीतला शब्द उपयोगी पडत नाही. ब्रिटनमध्ये एक्सएल बुलीवर अशीच बंदी आहे.

कॅनडा तुलनेने सोपा. आठ महिन्यांवरचं पाळीव कुत्रं मालकासोबत गेलं, तर रेबीजच्या लसीचं नीट सर्टिफिकेट पुरतं. मालक सोबत नसेल, तर मात्र ते व्यावसायिक आयातीत धरलं जाण्याचा धोका आहे, आणि रेबीजची जोखीम असलेल्या देशांतून तशी आयात २८ सप्टेंबर २०२२ पासून बंद आहे. ऑस्ट्रेलियाला भारतातून थेट जाताच येत नाही. आधी मान्यताप्राप्त देशात मुक्काम, मग मेलबर्नजवळच्या मिकलमच्या केंद्रात किमान दहा दिवस क्वारंटाइन. 'ऑस्ट्रेलियालाही तसंच, थोडा वेळ जास्त' असं सांगणारी एजन्सी टाळा. दुबईसाठी आधी परमिट, आणि तिथेही कार्गोच.

एका गोष्टीवर सगळ्या घराने बसून बोलावं. बहुतेकांचा बेत असा असतो: मुलगा आधी जाईल, घर बघेल, आणि सहा महिन्यांनी कुत्रं मागून पाठवू. युरोप आणि ब्रिटनच्या नियमात घरगुती प्रवास म्हणजे मालकाच्या प्रवासाच्या मागे-पुढे पाच दिवसांच्या आत कुत्र्याचा प्रवास. मालकाने लेखी अधिकार दिला तर काकाही घेऊन जाऊ शकतात, पण मालकाने त्याच पाच दिवसांत जायला हवं. हे जमलं नाही की केस व्यावसायिक खात्यात जाते. सर्टिफिकेट वेगळं, तपासणी वेगळी, खर्च वेगळा. मुलाला कुत्र्याच्या वेळी एक फेरी मारायला लावणं बहुतेकदा स्वस्त पडतं. एजन्सी हे सांगेलच असं नाही. महागडं खातं तिच्या फायद्याचं असतं.

पिंजऱ्यावर मात्र लांबण लावतो, कारण काउंटरवरून परत यायची वेळ येते ती बहुतेक पिंजऱ्यामुळे.

विमान कंपन्या आयाटाचे, म्हणजे त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे, जिवंत प्राण्यांचे नियम पाळतात. चार मापं घ्यायची, कुत्रं ताठ उभं असताना. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी. जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची. सगळ्यात रुंद जागेची, म्हणजे बहुतेक खांद्यांची रुंदी. आणि जमिनीपासून डोक्याच्या किंवा उभ्या कानाच्या टोकापर्यंतची उंची, जे वर असेल ते. पिंजऱ्याची आतली लांबी म्हणजे पहिलं माप अधिक दुसऱ्याचं निम्मं. रुंदी म्हणजे तिसऱ्याची दुप्पट. उंची म्हणजे चौथं माप अधिक अंथरुणाची जाडी. पग, बुलडॉग, शिट्झूसारख्या चपट्या नाकाच्या जातींना दहा टक्के जास्त. या जाती कित्येक कंपन्या घेतच नाहीत किंवा उन्हाळ्यात घेत नाहीत, कारण त्यांना धाप लागली की अंगातली उष्णता बाहेर टाकता येत नाही. पग असेल तर तिकिटाच्या आधी हे विचारा.

लॅब्रॅडोर धरू: लांबी ७६ सेंटिमीटर, कोपर ३०, रुंदी २८, डोकं ६६. आतून ९१ बाय ५६ बाय ६९ लागेल. बाहेरून १०२ बाय ६९ बाय ७६ चा मोठा प्लास्टिक पिंजरा त्याला बहुतेक पुरतो, तरी आत टेप लावून बघा. दुकानदार सांगतो ते माप बाहेरचं. बिलही बाहेरच्या मापावर येतं: तिन्ही मापांचा गुणाकार भागिले ६०००. इथे ते ८९ किलोच्या पुढे जातं. कुत्रं तीस किलोचं, पैसे नव्वद किलोचे. 'कुत्र्याचं वजन किती' एवढं विचारून दिलेलं कोटेशन म्हणूनच फसवं असतं.

जत, आटपाडीकडच्या कारवानी कुत्र्यांना हे गणित आणखी जड जातं. अंगाने सडपातळ, वजन पंचवीसच्या आसपास, पण पाय लांब आणि मान उंच. डोक्यापर्यंतचं माप सहज ८५ सेंटिमीटरच्या घरात जातं आणि ७६ चा पिंजरा बाद होतो. पुढचा आकार १२२ बाय ८१ बाय ८९. त्याचे होतात १४७ किलो, आणि ८९ सेंटिमीटर उंचीचा डबा बोइंग ७३७ सारख्या लहान विमानाच्या दारातून जात नाही. मोठं विमान असलेलाच मार्ग घ्यावा लागतो. लॅब्रॅडोरचा दर ऐकून कारवानीचं बजेट ठरवू नका. या जातीच्या अंगावर चरबी कमी, त्यामुळे अंथरूण जाड द्या आणि गुंगीचं औषध अजिबात नको. तसं ते कुठल्याच कुत्र्याला देऊ नये. विमान कंपन्या गुंगीतलं कुत्रं नाकारतात, आणि उंचीवर रक्तदाब आणि श्वास दोन्ही बिघडायची भीती असते.

कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीत फॅब्रिकेटरकडून लाकडी पिंजरा करून घ्यायचा मोह होतो. करता येतो, पण भोकं मोजून. हवेसाठी चारही बाजूंना जाळी किंवा भोकं हवीत, चारही बाजूंच्या एकूण क्षेत्रफळाच्या किमान १६ टक्के, आणि नाक किंवा पंजा बाहेर येणार नाही इतकीच मोठी. प्लाय चालतो, पण चौकटीला भरीव लाकूड लावलं तर ते आयएसपीएम १५ या लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे उष्णतेने प्रक्रिया केलेलं आणि शिक्का मारलेलं हवं. घरामागचं सागवान कितीही चांगलं असलं तरी शिक्क्याशिवाय बाद. खिळ्यांची टोकं आत नकोत, ताज्या रंग-वार्निशचा वास नको, चाकं नकोत. दार लोखंडी जाळीचं, बिजागरी आणि कडी धातूची, आणि दाराच्या पिना वरखाली खोबणीच्या पुढे किमान १.६ सेंटिमीटर बाहेर आलेल्या. प्लास्टिक पिंजऱ्याच्या दोन अर्ध्या भागांना प्लास्टिकच्या क्लिपा असतात; त्या काढून तिथे लोखंडी नट-बोल्ट लावायचे. बाजारातले घडीचे तारेचे पिंजरे विमानात चालत नाहीत. दारावर दोन वाट्या, बाहेरून भरता येतील अशा. एकीत आदल्या रात्री पाणी गोठवून ठेवलं की चढवताना सांडत नाही आणि पुढे थोडं थोडं वितळतं. खाली पाणी शोषणारी गादी. गवत-पेंढा चालत नाही. बाहेर हिरव्या अक्षरांत 'लाइव्ह ॲनिमल', अक्षरं किमान अडीच सेंटिमीटर, आणि बाजूंना वर जाणारे बाण. ही लेबलं इंग्रजीतच लागतात.

क्रेट एजन्सीकडून घेण्याऐवजी स्वतः ऑनलाइन मागवून महिना-दीड महिना आधी घरात आणा. ओसरीवर, अंगणात वाढलेल्या कुत्र्याला दार बंद होणं हीच मोठी गोष्ट. जेवण रोज आत द्या, आधी दार उघडं, मग पाच मिनिटं बंद, मग रात्रभर. एजन्सी निघायच्या दिवशी क्रेट घेऊन दारात येते. त्यात हा महिना कुठून येणार? न सरावलेलं कुत्रं दार कुरतडतं, दात मोडून घेतं, आणि कार्गोवाले जखमी कुत्रं चढवत नाहीत.

सरकारी सर्टिफिकेट मुंबईच्या ॲनिमल क्वारंटाइन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिसेसकडून, म्हणजे एक्यूसीएसकडून मिळतं. आधी ऑनलाइन अर्ज आणि वेळ घ्यायची, मग कुत्रं समोर न्यायचं. डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट, लसीची वही, टायटरचा रिपोर्ट, पासपोर्ट, तिकीट, लागत असेल तिथे परमिट, सगळ्याच्या प्रती. इथे आपल्या भागाची अडचण म्हणजे गोचीड. गोठ्याशेजारी राहणाऱ्या कुत्र्याच्या कानात, बोटांच्या मध्ये, शेपटीखाली एक गोचीड दिसली तरी तपासणीत अडचण येऊ शकते. निघायच्या महिनाभर आधीपासून गोचिडाचं औषध चालू करा आणि एकदा प्लेटलेट्स तपासून घ्या. गोचीडताप वरून न दिसताही असतो. फिटनेस सर्टिफिकेट इथल्या ओळखीच्या डॉक्टरांचं चालतं, फक्त नोंदणी क्रमांक हवा. या कामासाठी एजन्सी घ्यायला हरकत नाही, पण सरकारी सुट्ट्या तुम्हीच बघा. तपासणी शुक्रवारी, विमान सोमवारी आणि मध्ये दिवाळी, असं करू नका.

मुंबईला न्यायची ओळ काटा. 'पिकअप' म्हणजे मुंबईहून रिकामी गाडी येणार आणि दोन्ही वेळचं भाडं तुमच्या माथी. साताऱ्याहून अडीचशे किलोमीटरच्या आसपास, सांगलीहून पेठनाक्यामार्गे पावणेचारशेच्या. स्वतःच्या किंवा ओळखीच्या भाड्याच्या गाडीने रात्री निघा, खंबाटकी, कात्रज गर्दीच्या आधी पार होतात आणि कुत्र्याला ऊन लागत नाही. पिंजऱ्याचा वरचा भाग काढून खालच्यात बसवला की लहान गाडीतही मावतो, पण नट-बोल्टची पिशवी आणि पाना ड्रायव्हरजवळ ठेवा. महालक्ष्मी एक्सप्रेसचा विचार करत असाल तर रेल्वेच्या नियमाने कुत्रं सोबत ठेवायला फर्स्ट एसीचा अख्खा कूपे लागतो. नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी, आणि ती नको. तपासणी आणि विमान यांच्या मध्ये दोन रात्री मुंबईत काढायची सोय आधी करा. पाहुण्यांना कुत्रं चालतं का, हेही आधीच विचारा.

आता पैसे कुठे द्यायचे. बऱ्याच कंपन्या कार्गोतलं जिवंत जनावर नोंदलेल्या कार्गो एजंटकडूनच घेतात. एअरवे बिल, म्हणजे विमानाने जाणाऱ्या मालाची पावती, सहारच्या कार्गो टर्मिनलवर विमानाच्या चार-सहा तास आधी हजर राहणं, क्रेट एक्स-रेला जाताना कुत्रं बाहेर काढून धरणं, मधल्या विमानतळावर पाणी मिळेल याची नोंद, ही कामं पहिल्यांदा करणाऱ्याने करू नयेत. तिथे कुत्रं सुटलं तर पकडणं अशक्य. इथे अनुभवी माणूस असणं म्हणजेच ही सेवा, आणि तिचा दर्जा चांगल्या एजन्सीत खरोखर चांगला असतो. ब्रिटन, दुबई आणि मोठा पिंजरा असेल तर ही ओळ घ्याच. युरोपला जाताना मात्र काही कंपन्या मालकाच्या तिकिटावर जास्तीचं सामान म्हणून कुत्रं नेतात. त्याच विमानात, त्याच तापमानाच्या होल्डमध्ये, पुष्कळ कमी पैशांत. तो पर्याय विमान कंपनीला थेट फोन करून विचारा.

कोटेशनवर सही करण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या. दर 'एअरपोर्ट टू एअरपोर्ट' आहे की तिकडची कस्टम्स, टर्मिनलचं भाडं आणि घरपोच सोडणं धरून. क्रेटच्या बाहेरच्या मापावर किती किलो धरलेत. कंपनीने उन्हामुळे कुत्रं नाकारलं तर नव्या बुकिंगचा आणि बोर्डिंगचा खर्च कुणाचा. मे महिन्यात ही शक्यता खरी असते, म्हणून मध्यरात्रीनंतरचं विमान मागा. आणि टायटर नापास झाली तर आगाऊ रकमेतलं किती परत. अर्ध्याहून जास्त रक्कम एअरवे बिल हातात पडेपर्यंत देऊ नका. बिलावरचा अकरा आकडी क्रमांक कंपनीच्या कार्गो ट्रॅकिंगवर टाकला, की कुत्रं चढलं का, कुठे उतरलं, हे एजन्सीच्या माणसाला न विचारता घरबसल्या दिसतं.